काटेवाल्यांची बिनकचऱ्याची सुट्टी

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. नगरपालिकेच्या कचरा डेपोच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा आहे ना, त्याच्या शेजारच्या खोलीत हा माणूस एकतीस वर्षं बसला, म्हणून काटेवाले. कचऱ्याची गाडी काट्यावर चढायची, हे आकडा बघायचे आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "भरलेली, सात टन तीनशे!" गाडी आत जाऊन ओतून आली की पुन्हा काट्यावर. "रिकामी, चार टन शंभर!" मधला फरक म्हणजे कचरा. काम एवढंच. ऐकायला सोपं वाटतं, पण करून दाखवा एकतीस वर्षं, तेही नाकाला रुमाल न लावता!

आणि फसवणारे काय थोडे होते? कचरा जास्त दिसावा म्हणून भरलेल्या गाडीत चार-चार माणसं कोंबून बसायची आणि रिकाम्या वेळी मागच्या बाजूनं उतरून चालत यायची. कुणी सीटखाली दगड ठेवायचा, कुणी पाण्याची पिंपं भरून न्यायचा आणि आत ओतून द्यायचा. काटेवाले नुसते टायर किती दबलेत ते बघायचे आणि म्हणायचे, "उतरा रे खाली, तुमचाही कचरा करायचाय का?" सगळे हसत हसत उतरायचे. बारा गावचं पाणी प्यायलेले ड्रायव्हर ते, पण ह्या खिडकीपुढे त्यांची डाळ शिजली नाही.

घरी हे किस्से रोज व्हायचे. त्यांची बायको ताट वाढता वाढता ऐकून घ्यायची आणि एकदाच बोलायची, "बाहेरच्यांचं ठीक आहे हो. घरात कुणी फसवलं तर तुम्हाला पत्तासुद्धा लागायचा नाही." काटेवाले हसून सोडून द्यायचे. घरात काटा कशाला लागतो?

निवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हरांनी वर्गणी काढून त्यांना एक छोटा हातात धरायचा काटा भेट दिला. खाली आकडी, वर तबकडी, पंचवीस किलोपर्यंत चालणारा. काटेवाल्यांचे डोळे भरून आले. घरी आणून त्यांनी चपलेपासून नातीच्या दप्तरापर्यंत सगळं मोजून टाकलं. नात नऊ वर्षांची, दिवसभर तिची टकळी चालू, म्हणून घरात सगळे तिला टिटवीच म्हणायचे. दप्तराचं वजन ऐकून ती म्हणाली, "आजोबा, हे बाईंना सांगा." आजोबा खरंच सांगून आले.

रिकाम्या वेळात माणसाला नको ते सुचतं. एके दिवशी काटेवाल्यांना वाटलं, इतकी वर्षं जे मोजलं ते शेवटी जातं कुठं, ते एकदा बघून तरी यावं. डेपोत कचरा साठायचा आणि तिथून मोठ्या गाड्या तो लांब कुठंतरी न्यायच्या, एवढंच त्यांना ठाऊक होतं. अशाच एका गाडीत बसून ते गेले. तासाभरानं एक दरी लागली. खरं तर ती दरी उरलीच नव्हती, तिची टेकडी झाली होती. खालच्या अंगाला पाच-पंचवीस घरं, दोन-चार शेतं, आणि वारा सुटला की पिशव्या उडत जाऊन कुंपणाला चिकटत होत्या. तिथं एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. काटेवाल्यांनी ओळख करून दिली, मी अमुक ठिकाणी हे सगळं मोजायचो म्हणून. म्हातारा रागावलासुद्धा नाही. म्हणाला, "तुम्ही मोजलंत. आम्ही त्याच्या शेजारी राहतो."

काटेवाले घरी आले ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळे बसलेले असताना त्यांनी जाहीर केलं, "आपण सगळ्यांनी चार दिवस खेड्यात सुट्टीला जायचं. आणि जिथं जाऊ तिथं कचऱ्याचा एक कपटा मागे ठेवायचा नाही. आजवर गावांना फक्त पाठवत आलो. एकदा तरी असं जाऊ, की आपण येऊन गेलो हे तिथल्या मातीला कळणार नाही."

बायको म्हणाली, "म्हणजे साबण नाही, तेच ना? राखेनं भांडी घासण्यात माझं सगळं लहानपण गेलं. त्याला आता सुट्टी म्हणायचं का?"

सूनबाई दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे साचे करायची. अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "संडास कसा असेल तिथं?"

आणि मुलगा? मुलगा ताटावरून उठून उभा राहिला. "बाबा, एक नंबर! आख्ख्या बिल्डिंगमध्ये असा विचार कुणी केला नसेल. सगळी आखणी आपण दोघांनी करायची."

काटेवाल्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. मुलगा एका कंपनीत पंखे-कूलर विकण्याच्या विभागात होता. गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी "बरोबर आहे साहेब" म्हणायची त्याला सवय. लहानपणापासून तसाच. अभ्यास केलास का? हो. दूध प्यायलास का? हो. आणि दूध कुंडीतल्या झाडाला. पण बापाचं मन असं असतं, की बत्तीस वर्षांचे खोटे होकार एका खऱ्या वाटणाऱ्या होकारानं पुसले जातात.

जागा एका ड्रायव्हरनंच सुचवली. त्याच्या गावाबाहेर एका बाईंचा भाज्यांचा मळा होता. मळ्यात दोन खोल्या होत्या आणि पूर्वी त्या शहरातल्या पाहुण्यांना राहायला देत असत. काटेवाल्यांनी फोन लावला.

"मी देत नाही आता खोली," मळेवाल्या बाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली कुलूप लावून."

"का हो बाई?"

"मागच्या पाहुण्यांनी विहिरीत काय काय टाकलं, ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. उन्हाळाभर दुसऱ्याच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणलं मी."

दुसरा कुणी असता तर त्यानं नाद सोडला असता. पण हे काटेवाले! दर आठवड्याला फोन. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, मी कचऱ्याच्या काट्यावर एकतीस वर्षं बसलोय. कचरा काय चीज आहे ते मला शिकवायला नको. तुमच्या मळ्यात आमच्यामागे एक टाचणी राहणार नाही."

मग बाई म्हणाल्या, "शब्द देताय?"

"देतो."

"बघा हं, भाऊ. एकदा उघडलेली खोली परत बंद करताना मला फार जड जातं."

झालं. त्या दिवसापासून घरात तीन महिने दुसरा विषय नाही. प्रवास रेल्वेनं, स्टेशनापासून मळ्यापर्यंत चार किलोमीटर पायी. पायी जायचं म्हणून सामान मोठ्या माणसाला आठ किलो, टिटवीला तीन. प्रत्येकाचं ताट, पेला आणि चमचा घरून न्यायचा. खायला मळ्यात पिकेल ते, प्यायला विहिरीचं पाणी. पाकीटबंद एकही वस्तू न्यायची नाही. जुन्या चादरी फाडून सूनबाईनं सात पिशव्या शिवल्या. मुलानं सगळी यादी केली, तीसुद्धा ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांवर. रोज संध्याकाळी बूट काढायच्या आत तो विचारायचा, "बाबा, आज काय ठरलं?" आणि काटेवाले, ज्यांना पोरानं आयुष्यात कधी "आज गाड्या किती आल्या?" असंसुद्धा विचारलं नव्हतं, ते हरखून सगळं सांगत बसायचे. बायको कुरकुर करायची, नावं ठेवायची. सगळ्यांत जास्त तीच. "चार दिवस जायचंय का कायमचं? एवढी आखणी आपल्या लग्नात नव्हती हो!" काटेवाले मनात म्हणायचे, हिला काय कळतंय. आपला खरा जोडीदार आपला मुलगा.

एका रविवारी घरातच रंगीत तालीम झाली. दिवसभर शून्य कचरा. दुपारी मुलगा "मित्राकडे जाऊन येतो" म्हणून गेला आणि आल्यावर जेवलाच नाही. "पोट भरलंय बाबा. कमी खाल्लं की कचराही कमी." काटेवाल्यांनी त्याची पाठ थोपटली. बायकोनं मुलाच्या तोंडाकडे बघितलं, ओठाच्या कडेला काहीतरी लाल लागलेलं होतं. ती म्हणाली, "पूस ते." काटेवाल्यांचं लक्ष काट्यावर होतं.

निघायच्या दिवशी दाराशी सगळ्यांचं सामान मोजलं गेलं. काटेवाले आकडीला पिशवी लावायचे आणि टिटवी खणखणीत आवाजात ओरडायची. "आजी, सात किलो नऊशे! आई, आठ! बाबा, आठ!" मुलाची पिशवी अगदी आठला आठ भरली. काटेवाले म्हणाले, "ह्याला म्हणतात काटेकोर." मुलगा हसला.

ते चार दिवस काटेवाल्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस होते, हे मी पैजेवर सांगतो. सकाळी ते बाईंबरोबर पाट फोडायला जायचे. भाजी तोडायची ती झाडावरून सरळ पातेल्यात. दूध तांब्यात, अंडी टोपलीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोठ्यामागचा खताचा खड्डा नेऊन दाखवला. बाईंनी शिकवलेलं त्यांनी लगेच पुढे शिकवलं, "हे बघा, सालं, देठ, पालापाचोळा, शेण सगळं इथं. वर्षभरात माती होते आणि तीच माती वाफ्यात जाते. ह्या खड्ड्यावर बाईंचा सगळा मळा उभा आहे." मुलानं मान डोलवली. "काय शास्त्र आहे बघा!"

मुलगा चारही दिवस एकाच निळ्या शर्टात होता. काटेवाल्यांच्या ते लक्षात आलं आणि ऊर भरून आला. बाईंना मुद्दाम ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बघितलंत? धुण्याचं पाणी वाचवतोय पोरगा. मीसुद्धा दोन शर्ट घातले, पण हा माझ्या पुढे गेला." बाई कौतुकानं हसल्या. मुलानं खाली बघितलं. काटेवाल्यांना वाटलं, लाजला.

एक-दोन गोष्टी जरा विचित्र होत्या. भूक चाळवणारी हवा, पण जेवायला बसलं की मुलगा आणि सूनबाई चिमणीएवढं खायची. टिटवी विहिरीच्या पाण्याला नाक मुरडायची, तरी तिला तहान अशी लागायची नाही. एरवी टायरवरून माणसं मोजणारा हा गडी, पण आपल्या माणसांच्या बाबतीत तो डोळे मिटून बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटच्या दिवशी सकाळी अंगणात मोजणी झाली. चार दिवसांत साठलेल्यापैकी जे कुजणारं नव्हतं ते सगळं एका पिशवीत जमा केलेलं होतं. एक तुटलेली चपलेची पट्टी, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, टिटवीच्या केसांचं रबर. काटेवाल्यांनी काटा उचलला. काटा जेमतेम हलला.

"सत्तर ग्रॅम!" टिटवी ओरडली. "पाच माणसं, चार दिवस, सत्तर ग्रॅम!"

बाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी स्वतः येऊन तबकडी बघितली. मग आत गेल्या आणि एक किल्ली घेऊन आल्या. "ही खोलीची दुसरी किल्ली. तुमच्याकडे राहू द्या, भाऊ. पुढच्या वर्षी याल तेव्हा मी मळ्यात असेन-नसेन, सरळ उघडून राहायचं. तुमच्यासारखी माणसं येणार असतील तर मी पुन्हा पाहुणे घ्यायला लागेन म्हणते."

किल्ली त्यांनी वरच्या खिशात ठेवली आणि वाटभर खिसा चाचपत राहिले.

स्टेशनावर ते नेहमीप्रमाणे तासभर आधी पोचले. बाकावर ऊन आलं म्हणून सामान पलीकडच्या सावलीत न्यायचं ठरलं. काटेवाल्यांनी एका हातानं स्वतःची आणि दुसऱ्या हातानं मुलाची पिशवी उचलली. आणि थांबले. हात खोटं बोलत नाही. मुलाची पिशवी वर आली ती जवळजवळ उडूनच.

"अरे, कपडे विसरलास वाटतं तिथं," ते काळजीनं म्हणाले.

"नाही बाबा, सगळं घेतलंय."

काटेवाल्यांनी काटा काढून पिशवी आकडीला लावली. तीन किलो दोनशे. त्यांना वाटलं काटा बिघडला. स्वतःची पिशवी लावून बघितली, ती जशीच्या तशी भरली. सूनबाईची लावली, पाच किलो.

"येताना ह्या दोन्ही आठ-आठ होत्या."

"वापरून वापरून हलकं झालं असेल," मुलगा हसत म्हणाला.

"घामाचे कपडे जड होतात रे, हलके नाही होत."

सूनबाई रुळांकडे बघायला लागली. काटेवाल्यांना निळा शर्ट आठवला. चार दिवस तोच शर्ट. म्हणजे पिशवीत दुसरा शर्ट नव्हताच. मग आठ किलो काय होतं? त्यांनी टिटवीला जवळ घेतलं. शाळेत चार दिवसांपूर्वी कुणाच्या डब्यात काय होतं हेसुद्धा सांगणारी ही पोर.

"टिटवे, बाबाच्या पिशवीत काय होतं गं?"

टिटवीनं आधी बापाकडे बघितलं. मग आजोबांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाली, "मला नाही माहीत, आजोबा."

हे वाक्य तिचं नव्हतं. कुणीतरी तिला ते शिकवलं होतं, आणि चांगलं घोटून घेतलं होतं. काटेवाले बाकावर उन्हातच बसले.

"जाऊ द्या ना बाबा," मुलगा म्हणाला. "थोडा खाऊ नेला होता. वेफर्स, बिस्किटं, दोन-चार डबे, पाण्याच्या बाटल्या. ते विहिरीचं पाणी पोरीला बाधलं असतं तर? रात्री आमच्या खोलीत खायचो. तुम्हाला कुठं त्रास दिला?"

"खाऊ पोटात गेला. वेष्टनं कुठायत?"

मुलगा घड्याळ बघायला लागला.

"वेष्टनं खाल्लीत का रे?"

"नाही हो. त्या खताच्या खड्ड्यात टाकली. खाली, अगदी तळाशी दाबलीत, वर पाला टाकलाय. कुणाला दिसायची नाहीत." आणि वर हसून म्हणतो कसा, "तुम्हीच म्हणालात ना, वर्षभरात माती होते!"

काटेवाले ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तीन महिने रोज माझ्याजवळ बसून याद्या केल्यास."

"मग काय करू? नाही म्हटलं असतं तर तुम्ही रुसून बसला असता. आम्ही ठरवलं, बाबांना हौस आहे ना, होऊ दे. तुम्हाला सांभाळून घेतलं, बाबा. सगळ्यांनी मिळून. आईसुद्धा..." आणि जीभ चावल्यासारखा थांबला.

काटेवाल्यांनी बायकोकडे मान वळवली. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मला आधी नव्हतं माहीत," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कळलं, पिशवीत काहीतरी चुरचुरलं तेव्हा."

"आणि मग?"

"तुम्ही इतके खुशीत होता हो. कसं सांगणार?"

"आणि मग?"

"दोन बिस्किटं खाल्ली मी. चहाबरोबर. दोनच."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दाद मागायची कुणाकडे? ड्रायव्हर फसवायचे, पण पकडलं की कान तरी पकडायचे. इथं तर उपकार केल्याची भाषा! सांभाळून घेतलं म्हणे. वेडसर माणसाला सांभाळून घेतात, तापात बरळणाऱ्याला घेतात. तीन महिने एकाच घरात दोन सहलींची आखणी चालू होती. एक त्यांच्यासमोर कागदावर आणि दुसरी त्यांच्या पाठीमागे कुजबुजत. आणि त्यातल्या पहिल्या सहलीला त्यांच्याशिवाय कुणी गेलंच नव्हतं. त्या मळेवाल्या माउलीनं स्वतः येऊन तबकडी बघितली होती. केसानं गळा कापला होता तो त्यांचा की तिचा, हेसुद्धा आता सांगता येत नव्हतं. कारण तिच्यासमोर काटा धरणारा हात त्यांचा होता.

त्यांनी सूनबाईनं शिवलेली एक रिकामी पिशवी घेतली, काटा घेतला आणि उठले.

"अहो, कुठं निघालात? गाडी येईल आता!" बायको घाबरून म्हणाली. "थांबा, मी येते बरोबर."

"नको. तुमची गाडी चुकेल."

"बाबा, अतिरेक करू नका हं," मुलगा मागून ओरडला. "किलोभर वेष्टनांसाठी चार किलोमीटर? त्या बाईंना कधी कळणारसुद्धा नाही!"

काटेवाले मागे वळले नाहीत. ऊन कलायला लागलं होतं, पण तापलेल्या रस्त्याची धग चपलेतून लागत होती. वाटेत ते मनाशी वाक्य जुळवत होते. बाई, चूक झाली. बाई, पोरं आहेत. बाई, मला माहीत नव्हतं. शेवटचं वाक्य खरं होतं, पण तेच तोंडातून काढायची त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. एकतीस वर्षांत त्यांनी ते ड्रायव्हरांकडून हजार वेळा ऐकलं होतं आणि एकदाही मानलं नव्हतं. मनात एवढीच आशा होती, की बाई दुसऱ्या टोकाला कामात असाव्यात. गुपचूप खड्ड्यात उतरावं, सगळं काढावं आणि निघून यावं. मग शब्द राहील. थोडा मळलेला, पण राहील.

ते गोठ्यामागे आले तेव्हा बाई खड्ड्यात उभ्या होत्या, हातात दाताळं घेऊन. पाहुणे गेले म्हणून त्या लगेच खत वरखाली करायला लागल्या असणार. खड्ड्याच्या काठावर वेफर्सची लाल-पिवळी पाकिटं, चेपलेल्या बाटल्या, दोन डबे असं सगळं ओळीनं ठेवलेलं होतं. त्यांनी फेकलं नव्हतं, नीट ठेवलं होतं.

बाईंनी वर बघितलं. "विसरलात वाटतं काही," त्या म्हणाल्या.

काटेवाल्यांनी जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली. "माझं आहे ते," ते म्हणाले.

"तुमचं?"

"माझंच."

बाईंना कळलं असावं. पण त्यांनी खोदून विचारलं नाही. त्या बाजूला झाल्या. काटेवाले चपला काढून खड्ड्यात उतरले आणि हातांनीच उकरायला लागले. शेण, पाला, अर्धवट कुजलेली सालं. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एकेक कपटा शोधला. एका पाकिटाचा फाडलेला कोपरा सापडेना, त्यासाठी त्यांनी अर्धा खड्डा उपसला. तो सापडला तेव्हा मळ्यावर सावल्या लांब झाल्या होत्या. सगळं पिशवीत भरून ते वर आले.

"काटा आहे ना तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या. "मोजा."

त्यांनी पिशवी आकडीला लावली. मग सवयीनं, एकतीस वर्षांच्या सवयीनं, ते मोठ्यानं बोलून गेले, "नऊशे पन्नास!" गोठ्यातली गाय दचकली.

बाईंनी मान हलवली. आवाज चढवला नाही की तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या आधी आलेल्यांनी निदान शब्द दिला नव्हता, भाऊ."

काटेवाल्यांनी वरच्या खिशातून किल्ली काढली. हात शेणानं भरलेले, म्हणून आधी शर्टाला पुसली आणि मग ओट्याच्या कडेवर ठेवली. ठेवून क्षणभर तिथंच उभे राहिले. राहू द्या हो तुमच्याकडे, असं त्या म्हणतील की काय, असं त्यांना वाटलं असेल. माणसाचं मन फार खुळं असतं.

बाईंनी किल्ली उचलली आणि खोलीकडे गेल्या. कुलूप लावल्याचा आवाज आला. मग पुन्हा खेचून बघितल्याचा आवाज आला.

काटेवाले पिशवी घेऊन स्टेशनाकडे निघाले. चार किलोमीटरांत त्यांनी ती कितीदा तरी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. त्या वेळी कुणी त्यांना हातानं अंदाज करायला सांगितलं असतं, तर एकतीस वर्षांत न चुकलेल्या त्या माणसानं तिचं वजन दहा किलोच्या खाली सांगितलं नसतं.